आत काय भरलंय, एवढंच विचारलं होतं

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात गादी घ्यायला निघालात तर दुकानदाराला आधी किंमत विचारू नका. आत काय भरलंय ते विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका. एवढ्या एका उत्तरासाठी मला तिथल्या महाराज बाडा चौकाजवळच्या एका मोठ्या दुकानात इतकं झुलवलं, की अजून राग गेलेला नाही.

गादी हवी होती सासूबाईंना. कुशीवर झोपायची सवय आणि सकाळी उठताना कंबर धरलेली. घरात सगळ्यांचं म्हणणं, कंबरेला कडक गादीच चांगली. मला ते पटत नव्हतं. २००३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्पेनमधल्या ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांवरची चाचणी छापून आली होती. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा थोडा रुतायलाच हवा, तरच कणा सरळ राहतो.

दुकानात पहिलीच गादी समोर आली. ‘दीदी, ये ऑर्थो है, कमर के लिए स्पेशल.’ आत फोम कोणता? ‘बढ़िया क्वालिटी.’ डेन्सिटी किती? ‘दस साल की वॉरंटी है.’ लेबलवर एमआरपी, माप, कंपनीचा पत्ता, बनवल्याचा महिना, सगळं होतं. आत काय, ते नव्हतं. ‘ऑर्थोपेडिक’ मात्र भल्या मोठ्या अक्षरात. हा शब्द पाहून भुलू नका, तो छापायला कुणा डॉक्टरची परवानगी लागत नाही.

मग मालक येऊन सांगतील, असं झालं. मालक आले, त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, ‘हाई डेन्सिटी’. अहो, पण किती? एक घनमीटर फोमचं किलोत वजन म्हणजे डेन्सिटी. ३२, ४०, असा आकडा सांगता यायला हवा. वर मालकांनी मलाच समजावलं, डेन्सिटी जास्त म्हणजे गादी कडक. तसं अजिबात नाही. डेन्सिटीवरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, कडकपणा वेगळा. ४० डेन्सिटीचा फोम मऊही मिळतो.

शेवटी मी गादी वजन करायला लावली. शेजारच्या धान्याच्या दुकानातून काटा आणला. हिशेब सोपा आहे: ७२ बाय ३६ इंचांची, ६ इंच जाडीची गादी पूर्ण ४० डेन्सिटी फोमची असेल तर साधारण दहा किलो भरते, ३२ची असेल तर आठ. ही भरली अठराच्या आसपास. मालक खूश, ‘देखिए, कितनी भारी है!’ मला मात्र तिथेच शंका आली. कव्हरला चेन होती, ती उघडायला सांगितली तर नाही म्हणाले. तोवर गप्प बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, दाखवत नाहीत ना? मग ऊठ, चल.’

तेव्हा चेन उघडली. वर दोन इंच पांढरा मऊ फोम आणि खाली सगळा रीबॉन्डेड: निळ्या, गुलाबी, पिवळ्या फोमच्या चुऱ्याला गोंद लावून दाबलेला ठोकळा. कडेला नख लावलं तर एक निळा तुकडा सुटून बोटात आला. रीबॉन्डेड वाईट नसतो, खालच्या थराला आधार म्हणून तो वापरतातच. पण तो चांगलाच कडक असतो, आम्हाला नेमकं तेच नको होतं. आणि माल विकत घेणाऱ्याला आत काय आहे हे विचारायचा हक्क आहे की नाही?

दौलतगंजातल्या छोट्या दुकानात पोरगा थर कापलेला नमुनाच घेऊन आला. खाली ४० डेन्सिटी, वर मऊ थर. बिलावर दोन्ही आकडे लिहून दिले. ते लिहून घ्याच, पुढे वॉरंटीत भांडायला तेवढाच आधार. वॉरंटीचा कागदही वाचा, किती खोल खड्डा पडला तर बदलून देतात ते त्यात असतं. बऱ्याच कंपन्या गादीवर डाग दिसला की हात वर करतात, म्हणून धुता येणारी खोळ पहिल्या दिवसापासून घाला.

मेमरी फोम आम्ही टाळला. तो उबेने मऊ पडतो आणि थंडीत घट्ट होतो. आपल्या ग्वाल्हेरात जानेवारीत हुडहुडी आणि जूनमध्ये पारा ४५च्या घरात, त्यामुळे हिवाळ्यात दुकानात बरी वाटलेली गादी उन्हाळ्यात तशीच लागणार नाही.

दुकानात बसून दाबून पाहू नका. चपला काढा, रोजच्या कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडा आणि बरोबरच्याला मागून पाठीची रेघ बघायला सांगा. सासूबाई आधी लाजल्या, मग चांगल्या पडून राहिल्या.

पलंग निवारीचा असेल तर वर प्लाय टाका, नाहीतर निवारीचा झोळ नव्या गादीत उतरतो. माप चौकटीच्या आतून घ्या. जुने पलंग ७२ किंवा ७५ इंचांत बसतातच असं नाही. आमचा ७३ निघाला. दुकानदार तसं कापून देतो, पण मापाने कापलेली गादी परत घेत नाही. म्हणून टेप दोनदा लावा.