तुम्ही विचारलेत म्हणून : ड्राइव्हवेवरचा हूप

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी जेवायला येणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांची मुले सात-आठ वर्षांची झाली आहेत, ती मंडळी निघताना गाडीपाशी हमखास थांबतात, ड्राइव्हवेवरच्या, म्हणजे रस्त्यापासून गराजपर्यंतच्या फरसबंद वाटेवरच्या, बास्केटबॉल हूपकडे मान वर करून पाहतात आणि विचारतात, "हा कोणता घेतलात? आम्हीही घ्यायचा म्हणतोय." गाडीचे दार उघडे, मुले पेंगुळलेली, अशा वेळी या प्रश्नाचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की हूप कोणता हे नंतर पाहावे, आधी टेप घेऊन ड्राइव्हवे मोजावा. आम्ही नेमके उलटे केले होते. दुकानात सवलत दिसली, चाकांचा हूप गाडीत घालून आणला, एका शनिवारी तीन माणसांनी पाच तास खपून तो जोडला, आणि मग लक्षात आले की तो जिथे सपाट बसतो तिथे गाडी उभी राहते व जिथे गाडी उभी राहत नाही तिथे उतार आहे. फ्री थ्रोची, म्हणजे कोणी अडवत नसताना उभे राहून चेंडू टाकायची, रेषा बॅकबोर्डच्या (रिंगच्या मागच्या फळ्याच्या) पृष्ठभागापासून १५ फुटांवर असते. तेवढे अंतर आणि मागे सरकायला आणखी चार-पाच फूट मिळत असतील तर घरच्या सरावाला जागा पुरते. शाळेच्या सामन्यांतली तीन गुणांची रेषा रिंगच्या मध्यापासून १९ फूट ९ इंचांवर असते. ती एका बाजूने जरी मिळाली तरी भाग्य समजावे.

उताराकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पावसाचे पाणी रस्त्याकडे वाहून जावे म्हणून ड्राइव्हवेला उतार दिलेलाच असतो. तो शंभर फुटांना दोन फूट, म्हणजे डोळ्यांना जाणवणारही नाही इतका असला, तरी १५ फुटांत साडेतीन इंचांहून अधिक फरक पडतो. हूप गराजच्या बाजूला असेल तर फ्री थ्रोच्या रेषेवर उभ्या असलेल्या मुलाला रिम (चेंडू ज्यातून पडतो ती रिंग) तेवढी उंच पडते, आणि निसटलेला चेंडू थेट रस्त्यावर जातो. आमच्या गल्लीत गाड्या हळू चालतात, तरीही मी हूप ड्राइव्हवेच्या लांबीला आडवा, म्हणजे बाजूच्या हिरवळीत खांब आणि समोर शेजारच्या बाजूचे कुंपण, असा बसवला. त्यात अंतर थोडे कमी मिळाले. ते मी आनंदाने सोडले.

आता चाकांचा की जमिनीत रोवलेला, हा खरा वादाचा मुद्दा. चाकांच्या हूपच्या तळाच्या प्लास्टिकच्या टाकीत पाणी किंवा वाळू भरावी लागते. ३५ गॅलनची टाकी पाण्याने भरली तर वजन होते सुमारे २९० पौंड. ऐकायला ते पुष्कळ वाटते, पण वर दहा फुटांवर बारा चौरस फुटांचा सपाट फळा वाऱ्याला छाती देऊन उभा असतो, हे विसरता कामा नये. आमचा पहिला हूप एका ऑक्टोबरच्या वादळी रात्री गाडीच्या बॉनेटवर आडवा झाला. सकाळी पाहिले तर टाकीला तडा गेलेला होता आणि पाणी केव्हाच निम्म्यावर आलेले होते; दोष हूपचा कमी आणि महिनोन्महिने टाकीत डोकावून न पाहणाऱ्या माझा अधिक. वाळू पाण्याच्या सुमारे दीडपट जड असते आणि गळत नाही, पण एकदा भरली की हूप हलवणे जवळजवळ अशक्य होते, आणि मग चाकांचा उपयोग तो काय? थंडीत पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून त्यात अँटिफ्रीझ घालतात. ते गाडीचे कधीही घालू नये, कारण ते विषारी तर असतेच, शिवाय गोडसर असल्यामुळे सांडलेले कुत्री चाटतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना आणि वर्षा-दोन वर्षांत घर बदलणाऱ्यांना मी चाकांचाच हूप सुचवतो, मात्र वाळू भरून. बाकीच्यांनी जमिनीत रोवावा.

रोवण्याचे काम कष्टाचे आहे, अवघड नाही. खणण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर फोन करणे बंधनकारक आहे; गॅस, वीज, केबल यांच्या कंपन्यांची माणसे काही दिवसांत येऊन जमिनीवर रंगाने खुणा करून जातात आणि त्याचे पैसे पडत नाहीत. आमच्या पहिल्या जागेवरून गॅसची पिवळी रेघ गेल्यामुळे खांब चार फूट सरकवावा लागला. आमच्या भागात थंडीत जमीन सुमारे तीन फुटांपर्यंत गोठते आणि फुगते, म्हणून खड्डा त्याहून खोल हवा. दीड फूट चौरस आणि चार फूट खोल खड्डा म्हणजे नऊ घनफूट. ८० पौंडांच्या काँक्रीटच्या पोत्यातून ०.६ घनफूट निघते, म्हणजे पंधरा पोती. ती उचलताना मला पुण्यातल्या शाळेच्या मैदानावरचा गंजका खांब आठवला, जो सातवीत आम्हा आठ जणांना मिळूनही हलवता आला नव्हता. काँक्रीटमध्ये खांब थेट गाडू नये. बोल्ट बसवून त्यांवर खांब कसावा, म्हणजे घर विकताना तो काढून नेता येतो. खांबावर उंचीचा जो आकडा छापलेला असतो तो खांबाच्या तळापासून मोजलेला असतो, पण मुले उभी राहतात ड्राइव्हवेवर. आमची हिरवळ ड्राइव्हवेपेक्षा दोन इंच खाली आहे, हे मी टेप लावल्यावरच कळले.

बॅकबोर्डच्या बाबतीत माझे मत थोडे हट्टी आहे. पॉलिकार्बोनेट स्वस्त आणि चिवट असते, पण त्यावर आपटलेला चेंडू मेल्यासारखा खाली पडतो. अ‍ॅक्रिलिक बरे. टेम्पर्ड काच सगळ्यांत उत्तम, कारण शाळेच्या जिममध्ये चेंडू जसा परततो तसाच घरी परतला तर फळ्यावर आपटून टाकायच्या फटक्याचा अंदाज मुलाच्या हाताला बसतो. जिममधला बॅकबोर्ड ७२ इंच रुंद असतो. घरी ५४ इंच पुरतो, ६० असला तर चांगलेच. मोठ्या फळ्यासाठी बारीक खांब घेऊ नये, नाहीतर प्रत्येक फटक्याला सगळे डोलत राहते. खांबापासून फळा निदान दोन-तीन फूट पुढे असावा आणि खांबाला गादी हवीच. धावत आलेले मूल चेंडूकडे पाहत असते, खांबाकडे नाही. पैशांचे म्हणाल तर चाकांचा हूप काही शे डॉलरांत येतो, काचेचा रोवायचा हजाराच्या पुढे जातो. खड्डा दुसऱ्याकडून खणून घेतला तर खर्च आणखी वाढतो.

रिम स्प्रिंगची घ्यावी, एवढेच. १९७९ साली डॅरिल डॉकिन्स या खेळाडूने उडी मारून चेंडू रिममध्ये आदळताना महिन्याभरात दोन बॅकबोर्ड फोडले आणि त्यानंतर झुकून परत जागेवर येणारी रिम एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, आली. आपल्या मुलांकडून काच फुटणार नाही हे खरे, पण त्यांचे मामा आणि काका येतात.

सोसायटीची, म्हणजे येथल्या एचओएची, नियमावली खरेदीपूर्वी वाचावी. काही ठिकाणी रोवलेला हूप चालत नाही, काही ठिकाणी चाकांचा हूप रात्री आत घ्यावा लागतो, आणि फुटपाथवर किंवा रस्त्याच्या कडेला ठेवायला अनेक टाउनशिपची, म्हणजे स्थानिक पालिकांची, मनाई असते. शेजाऱ्यांशी आमचा तोंडी करार आहे की रात्री नऊनंतर चेंडू आपटायचा नाही.

उंची बदलता येणारा हूप घ्या, हे मात्र मी आग्रहाने सांगतो. १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डमध्ये बास्केटबॉलचे जनक जेम्स नाइस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या जिमच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तो कठडा दहा फुटांवर होता, आणि तीच उंची आजतागायत टिकली आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाने त्या उंचीवर चेंडू फेकायचा तर तो कमरेपासून, अंगाला झोका देऊन फेकतो, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. त्या वयाला आठ फूट, नऊ ते अकराला नऊ फूट आणि त्यानंतर दहा, हा क्रम आम्ही पाळला. चेंडूही लहान, साडेसत्तावीस इंच परिघाचा दिला. थोरली आता दहा फुटांवर खेळते आणि धाकटा नऊवर, त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा हँडल फिरवावे लागते. ते हँडल मी रात्री काढून गराजमध्ये खिळ्याला टांगतो. नाही टांगले तर सकाळी रिम साडेसात फुटांवर आलेली असते आणि ती कोणी आणली हे कोणालाच ठाऊक नसते.