कानाचं मशीन आणि मिमी पार्कर

रविवार, रात्री साडेअकरा

संध्याकाळी पाऊस जरा उघडला आणि म्हात्रे पुलाकडून ढोलांचा सराव ऐकू यायला लागला. आमच्या खिडकीपर्यंत ताशा पोहोचत नाही, नुसते ढोलाचे ठोके येतात. आजीने कानाचं मशीन काढून डबीत ठेवलं.

मशीन घेऊन दोन आठवडे झाले. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, “भांडं ठेवलं की डोक्यात घण पडतो, पंखा गुरगुरतो. आणि तुम्ही बोलता ते त्या सगळ्याच्या आत कुठेतरी असतं.” ऑडिओलॉजिस्ट बाईंनी समजावलं होतं की मशीन बारीक आवाज वर उचलतं, मोठा आवाज दाबून धरतं, आणि त्यातून नेमकं हवं ते वेचायला मेंदूला काही आठवडे लागतात. मला ते डोक्याने कळलं होतं, पण आजीचं ‘आत कुठेतरी’ मनातून जात नव्हतं.

आज ढोल थांबल्यावर ‘लो’ या बँडचा ‘डबल निगेटिव्ह’ हा अल्बम लावला आणि पहिल्याच मिनिटाला ते कानांनी कळलं.

मिमी पार्कर आणि ॲलन स्पारहॉक हे नवरा-बायको. अमेरिकेत लेक सुपीरियरच्या काठी डुलुथ नावाचं थंड गाव आहे, तिथे १९९३ मध्ये त्यांनी हा बँड सुरू केला. संथ, हळू आवाजातली गाणी. दोघांचे गळे एकत्र लागले की तिसरं काही नकोच वाटावं. आणि पंचवीस वर्षं जपलेला तो सूर त्यांनी २०१८ च्या या अल्बममध्ये निर्माता बी. जे. बर्टनच्या साथीने चक्क फाडला. गिटार ओळखू येत नाही. सुरुवातीला नुसती धपापणारी खरखर. ठोका पडला की बाकीचा सगळा आवाज बुडतो, मग श्वास घेतल्यासारखा वर येतो. पहिली तीन गाणी एकमेकांत मिसळून जातात, आणि तिसऱ्यात, आता हाती काही लागत नाही असं वाटत असताना, मिमीचा गळा येतो. स्वच्छ, उंच. त्या जागी माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

लोक याला गोंगाट म्हणतात, ते मला पटत नाही. गोंगाटात भरणा असतो. इथे फार थोडं आहे, आणि त्या थोड्यालाच चरे पाडलेत. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावतात, तो झणकार मुद्दाम आणलेलाच असतो, आणि त्यातूनच स्वर फुलतो. इथली खरखरही मला तशीच वाटते. ती नसती तर मी इतकी पुढे वाकून ऐकलं नसतं.

आजी बाहेर आली. स्पीकरवर तळहात ठेवून उभी राहिली, मग स्वतःच डबीतून मशीन काढून कानात घातलं. दोन गाणी काही बोलली नाही.

“बाई गातेय ना?”

“हो आजी.”

“चांगली गाते. तिच्यावरचं ते सगळं काढ बघू.”

मग १९९४ चा त्यांचा पहिला अल्बम लावला. तिथे तिच्यावर काहीच नाही. मिमी उभ्यानेच दोन-तीन नगांचा ड्रम वाजवायची, त्यावर ब्रश हलके फिरायचे. आजी म्हणाली, “मागे कुणी तांदूळ पाखडतंय का?” मला भरून आलं. भांड्यांचा घण ऐकणाऱ्या कानाला आज पहिल्यांदा इतकं बारीक काही ऐकू आलं होतं.

मिमी २०२२ च्या नोव्हेंबरात कर्करोगाने गेली. आजीला ते सांगितलं. “वय काय?” तिने विचारलं. पंचावन्न, म्हटलं. ती बराच वेळ स्पीकरकडे बघत राहिली.

“आजी, झोपायचं ना? मशीन काढू?”

“राहू दे. हे होऊ दे आधी.”