हॅम्बर्गच्या वखारींत आप्पांबरोबर

आप्पांचं सगळं आयुष्य माथाडी कामात गेलं. उमेदीची वर्षं मस्जिद बंदरच्या गोदामांत, नंतर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात. गेल्या सप्टेंबरात ते आणि आई पहिल्यांदाच आमच्याकडे जर्मनीत हानोवरला आले. पहिले दोन आठवडे मी त्यांना राजवाडे, बागा, चर्चं असं सगळं दाखवलं. आप्पा बघायचे, मान डोलवायचे आणि बसायला बाक शोधायचे. मग एका रात्री मी म्हणालो, "आप्पा, शनिवारी हॅम्बर्गला जाऊ. तिथली जुनी गोदामं बघायची आहेत." त्यांनी चष्मा काढला. "गोदामं बघायला माणसं पैसं देत्यात?"

देतात, आणि द्यावेत. मी स्वतः आधी दोनदा या भागात फिरलो होतो, एकदा एकटा, एकदा मित्रांबरोबर. लाल विटांच्या उंच इमारती, मधून कालवे, भरपूर फोटो. एवढंच माझ्या हाती लागलं होतं. माहितगार माणसाबरोबर चालल्यावर कळलं, की आपण इतके दिवस भिंतीच बघत होतो.

या भागाचं नाव श्पायशरश्टाट, म्हणजे वखारींचं शहर. एल्ब नदीच्या काठी साधारण दीड किलोमीटर लांब पसरलेलं. आम्ही हानोवरहून प्रादेशिक गाडीने गेलो, उल्त्सेनला गाडी बदलून. तुम्ही हानोवर ज्यात येतं त्या नीडरझाक्सेन राज्यातून येणार असाल तर त्या राज्याचं दिवसाचं तिकीट घ्या. ते हॅम्बर्गमध्येही चालतं, पाच जणांपर्यंत एकत्र प्रवास होतो आणि शहरातली मेट्रोही त्यातच येते. फक्त सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होतं, शनिवार-रविवारी ती अट नाही. वेगवान गाडी तासा-सव्वा तासात पोचवते, पण चौघांचं भाडं बघता आम्हाला हे परवडलं.

फेरीआधी एक काम घरीच करा, भरती-ओहोटीच्या वेळा बघा. समुद्र इथून शंभरेक किलोमीटरवर असला तरी नदीला भरती येते, आणि पाणी साडेतीन मीटरहून जास्त चढतं-उतरतं. हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. मागच्या खेपेला आम्ही छोट्या होडीतून फिरायची तिकिटं काढली आणि नेमकी ओहोटी. होडी मोठ्या बंदरातच गोल फिरून परत आली. कालव्यांत तेव्हा नुसता चिखल होता. या वखारींकडे पाण्यातून बघायचं असेल तर भरतीच्या आसपासचीच वेळ धरा, आणि तिकीट काढण्याआधी स्पष्ट विचारा, की होडी वखारींच्या कालव्यांत शिरणार का. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कुणी "आम्ही अकराला गेलो होतो" म्हणालं म्हणून तुम्हीही अकराला जाऊ नका.

आमची फेरी जर्मन भाषेत होती आणि मी आई-आप्पांना मराठीत सांगत होतो. इंग्रजी फेऱ्याही भरपूर आहेत. शहराच्या मुख्य चौकातून निघणाऱ्या, शेवटी खुशीने पैसे द्यायच्या फेऱ्या स्वस्त पडतात, पण त्यात वखारींच्या वाट्याला अर्धा तासच येतो. माझं मत विचाराल तर इथल्या वखार संग्रहालयातर्फे होणारी फेरी घ्या, जर्मन येत नसेल तर सोबत दुभाष्या न्या. किंवा आठ-दहा जण जमवून इंग्रजीत वाटाड्या मागा. ठरवताना दोन गोष्टी विचारा: गटात किती माणसं असतील, आणि कुठल्या इमारतीच्या आत नेणार का. पंचवीस जणांच्या गटात मागच्याला काही ऐकू येत नाही, कारण कालव्यांमधून वारा सुसाट वाहतो.

आमच्या वाटाड्या बाई सत्तरीच्या असाव्यात. सुरुवात मेसबेर्ग स्टेशनजवळ झाली, चिलेहाउसपाशी. ही वखार नाही, व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांची इमारत, १९२२ ते १९२४ मध्ये बांधलेली. तिचं एक टोक जहाजाच्या नाळेसारखं निमुळतं होत रस्त्यावर येतं. चिलीतून सोरा, म्हणजे खतासाठी लागणारा क्षार, आणून गब्बर झालेल्या व्यापाऱ्याने ती बांधून घेतली, म्हणून हे नाव. २०१५ मध्ये युनेस्कोने वखारी आणि हा कचेऱ्यांचा भाग एकत्रच जागतिक वारसा यादीत घेतला. इथे पाच मिनिटं पुरतात. उजवीकडच्या फुटपाथवर मागे सरून उभं राहिलात तर टोक नीट दिसतं.

तिथून पाण्याच्या दिशेने उतरताना त्सिपेलहाउस नावाचा रस्ता लागतो. बाई म्हणाल्या, हे कांद्यांचं घर. जवळच्या बार्डोविक गावच्या भाजीवाल्या पूर्वी इथे कांदे साठवायच्या. मी आप्पांना सांगितलं. त्यानंतर त्यांनी बाक शोधला नाही.

पुढे कोर्नहाउस पुलाच्या शहराकडच्या टोकाला दोन पुतळे आहेत, एक कोलंबसाचा आणि दुसरा वास्को द गामाचा. बहुतेक लोक खाली मान घालून पूल ओलांडतात. तुम्ही थांबा. मिरीच्या मागे कालिकतला उतरलेला माणूस इथे मसाल्यांच्या वखारींच्या दारात उभा आहे, हे आपल्याकडच्या माणसाने बघून घ्यावं. पूल ओलांडला की जकातीचं संग्रहालय. पूर्वी हीच हद्द होती. शहराच्या बाजूला जकात, पलीकडे मुक्त बंदर.

ही हद्द समजली की वखारी का बांधल्या ते समजतं. पूर्वी सगळं हॅम्बर्गच जकातमुक्त होतं. १८८८ मध्ये शहर जर्मन जकात क्षेत्रात सामील झालं आणि जकातमुक्ती फक्त बंदराच्या कुंपणाआड उरली. व्यापाऱ्यांना कॉफी, चहा, मसाले, तंबाखू जकात न भरता महिनोन् महिने ठेवायचे तर वखारी कुंपणाच्या आत हव्यात. म्हणून १८८३ पासून इथे कामाला सुरुवात झाली. मुख्य अभियंता होते फ्रान्झ आंद्रेआस मायर. १८८८ च्या ऑक्टोबरात कैसर दुसरा विल्हेल्म याच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि बांधकाम मात्र टप्प्याटप्प्याने १९२७ पर्यंत चाललं.

हे मी मराठीत सांगत असताना बाई सहज म्हणाल्या, की जागा रिकामी करायला इथली वस्ती उठवली. केरवीडर आणि वांडराम अशा दोन वस्त्या, सुमारे वीस हजार माणसं. मी तेही सांगितलं. आप्पा चालायचे थांबले.

"त्यांला घरं कुठं दिली?"

मी बाईंना विचारलं. आमचं घर मूळचं पाटण तालुक्यातलं. कोयनेच्या धरणात आजोबांचं गाव गेलं, तेव्हा आप्पा लहान होते. हे बाईंना माहीत असायचं कारण नव्हतं. त्या जरा वेळ थांबून म्हणाल्या, की घरमालकांना मोबदला मिळाला, पण भाडेकरूंना पर्यायी घरं मिळाली नाहीत. बंदरातल्या मजुरांनी उरलेल्या जुन्या दाट वस्त्यांत दाटीवाटीने राहून घेतलं किंवा लांब बाहेर गेले. उद्घाटनानंतर चार वर्षांनी, १८९२ मध्ये, शहरात कॉलरा आला आणि आठ हजारांवर माणसं मेली, तीही मुख्यतः अशाच कोंदट वस्त्यांतली. आप्पांनी पुन्हा काही विचारलं नाही. पण पुढच्या प्रत्येक इमारतीपाशी ते खाली जमिनीकडे बघायचे, हे मी पाहिलं.

वखारी कशा चालायच्या हे समजून घ्यायला रस्त्यावर उभं राहून वर बघायचं. प्रत्येक वखारीला दोन तोंडं आहेत, एक रस्त्याकडे, एक पाण्याकडे. प्रत्येक मजल्याला दार, आणि छपराखाली पुढे आलेल्या कमानीत गिरकं, म्हणजे माल वर ओढायचा रहाट. मोठी जहाजं इथे येत नसत. ती बंदरात रिकामी व्हायची आणि माल सपाट तळाच्या पडावांतून भरतीबरोबर कालव्यात यायचा. गिरक्याने वर ओढून थेट हव्या त्या मजल्यावर. सुरुवातीची गिरकी मध्यवर्ती बॉयलरघरातून येणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालत. जाड विटांच्या भिंतींमुळे आतलं तापमान फारसं बदलत नाही, म्हणून कॉफी आणि गालिचे टिकायचे. सगळं बांधकाम लाकडी खांबांच्या पायावर उभं आहे. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यांत आणि एकूण युद्धात निम्मा भाग गेला. नंतर वेर्नर कालमोर्गेन या वास्तुविशारदाने तो पुन्हा उभा केला, त्यामुळे मधूनच साध्या चेहऱ्याच्या इमारती दिसतात.

मालाची राखण, वजन, नमुने, चाळणी, सगळं क्वार्टियर्सलॉयटे करायचे. हे भागीदारीत काम घेणारे वखारवाले, बऱ्याचदा चौघे मिळून. एकाचं नाव पाटीवर, बाकीचे "आणि मंडळी". आप्पा लगेच म्हणाले, "म्हंजे टोळी. मुकादमाच्या नावावर." मी सांगायला गेलो, की हे मालकही होते, खाली वेगळे मजूर होते. तेही त्यांना पटलं. कॉफीचे दाणे निवडायला बायका बसायच्या हे ऐकून आई पहिल्यांदा बोलली, "निवडायला बायकाच लागतात सगळीकडं."

फेरी झांडटोरकाईवरच्या वखार संग्रहालयात संपली. १८८८ ची मूळ इमारत, लाकडी जमीन, आत शिरताच कॉफी आणि गोणपाटाचा वास. मांडलेल्या वस्तू मोजक्याच: पोती, चहाच्या पेट्या, रबराचे गठ्ठे, पोत्यात खुपसून नमुना काढायची टोकदार पोकळ नळी. आणि भिंतीवर ओळीने पोती ओढायचे हूक. इथे त्यांना ग्रीपे म्हणतात, मालाप्रमाणे आकार वेगळा. आप्पांनी हात लावू का म्हणून खुणेने विचारलं आणि बाईंनी एक काढून दिला. त्यांनी तो मुठीत धरला, मनगट वळवलं आणि शेजारच्या पोत्याच्या कानाला असा लावला, की बाई बघतच राहिल्या. कॉफीचं पोतं साठ किलोचं. "आमचं पन्नासचं, आधी शंभरचं हुतं," आप्पा म्हणाले. मी भाषांतर केलं. मग त्या दोघांत मी नावालाच होतो. पाठीवर कसं घ्यायचं, मानेवर कुठे ठेवायचं, थप्पी किती उंच लावायची, सगळं हातवाऱ्यांनी. गटातली माणसं निघून गेली तरी अर्धा तास हे चाललं.

म्हणून सांगतो, संग्रहालय फेरीच्या शेवटी ठेवा आणि त्यानंतर काही ठरवू नका. बरेच जण त्याच दिवशी रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींचं प्रसिद्ध प्रदर्शनही उरकतात. ते सुंदर आहे, पण त्याला अर्धा दिवस लागतो आणि वेळ आधी आरक्षित करावी लागते. दुसऱ्या दिवशी जा.

बाकी थोडं. रस्ते दगडी गोट्यांचे आहेत, पातळ तळव्याच्या चपलेत पाय भरून येतात. आईने बूट घातले म्हणून निभावलं. गुडघ्यांचा त्रास असेल तर दोन तासांची फेरी तासाभराने तोडून मध्ये बसायचं बाईंना आधीच सांगा, आम्ही सांगितलं होतं. स्वच्छतागृहं रस्त्यावर जवळजवळ नाहीत, संग्रहालयातलं वापरून घ्या. वाऱ्यात छत्री उलटते, टोपीचं जाकीट बरं. शाकाहारी असाल तर खाण्याची फार चिंता नको. बेकरीत दालचिनी आणि लोण्याची चपटी गोड गुंडाळी मिळते, फ्रान्झब्र्योटशेन, ती इथलीच खासियत. हिवाळ्यात जात असाल तर वादळाचा इशारा बघून निघा. हा भाग मुख्य पूर-बांधाच्या बाहेर आहे आणि मोठ्या उधाणात इथले रस्ते पाण्याखाली जातात.

अंधार पडेपर्यंत थांबा. दिवे लागल्यावर पोगेनम्यूलेन पुलावर उभं राहिलं की दोन कालव्यांच्या मधोमध एक छोटी, टोकदार छपरांची इमारत दिसते. फोटोंत सगळीकडे हीच असते. तिला जलमहाल म्हणतात, पण तिथे कुणी सरदार राहत नव्हता. गिरकी दुरुस्त करणारे कामगार राहायचे. ही मोक्याची जागा त्यांनाच होती, हे मी आप्पांना सांगितलं. त्यांनी स्वतःहून फोन पुढे केला आणि म्हणाले, "ह्येच्याफुडं माझा एक काढ. टोळीतल्यांना पाठवायचाय."