किती झाले?

मंगळवार, रात्री उशिरा

आज पतसंस्थेत पिग्मीची, म्हणजे रोजच्या बचतीची, बेरीज जुळता जुळेना. एजंट समोर उभा, मशिनमध्ये एक आकडा, माझ्या कागदावर दुसरा, आणि डोक्यात तिसरंच काहीतरी चाललेलं. शेवटी साहेब म्हणाले, "मॅडम, मुंबईहून अजून आला नाहीत वाटतं." सगळे हसले. मीही हसले. खरं तर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं वेळेत कोल्हापुरात आणून सोडलं, स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून नेहमीसारखी हुज्जत घातली, घरी येऊन दूध तापवलं, डबा करून संस्थेत गेले. सगळं बिनचूक. तरी मनानं मी अजून बांद्र्याच्या त्या हॉटेलातल्या बाकावर बसून विचारतेय, "वैजू, किती झाले?"

आणि ती फोनमधून मान वर न करता म्हणतेय, "सोड गं ताई."

एवढंच झालंय. लिहायला घेतल्यावर तर आणखीच किरकोळ दिसायला लागलं. धाकट्या बहिणीनं जेवू घातलं आणि बिलाचा आकडा सांगितला नाही. शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणतील, नशीब काढलंस.

मुळात तिथं मेनूकार्डच नव्हतं. टेबलाच्या कोपऱ्यात एक काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला. त्याच्यावर फोन धरला की कार्ड फोनमध्ये उघडतं. माझ्या फोनवर नुसतंच चक्र फिरत राहिलं. वैजूचं उघडलं. "राहू दे, मी सांगते," म्हणाली आणि सांगूनही मोकळी झाली. कार्ड हातात आलं असतं तर मी आधी उजवी बाजू बघितली असती. आयुष्यभर तसंच वाचत आलेय, आधी आकडा, मग पदार्थ. आकडा न बघता जेवायचं म्हणजे काय आवडलं हेसुद्धा मला ठरवता येत नाही. हे वाईट आहे का? असेल.

जागा बघून अंदाज बांधावा म्हटलं तर तीही सोय नाही. आपल्याकडे बाहेरूनच कळतं. झुंबर दिसलं की पुढं चालायचं, बाकडं दिसलं की बसायचं. तिथं बाकडीच होती. वेटरच्या अंगात साधा टीशर्ट, स्वयंपाकघर उघडं, वाफ थेट अंगावर येतेय, ऑफिसातून तशीच आलेली पोरं-पोरी गळ्यात ओळखपत्राचे पट्टे घालून खातायत. हॉटेल म्हणे आशियाई जेवणाचं. जपान, थायलंड, कोरिया, चीन, एवढा त्यांचा आशिया. आपला पंचगंगेचा काठ त्यात धरलेला नाही. बाकडं असूनही ती जागा आपली नव्हती, एवढं मला वैजूच्या मागवण्यावरून कळलं. ती "हाफ आहे का?" असं विचारत नव्हती.

हाफ. हेच आज दिवसभर डोक्यात आहे.

मिरजकर तिकटीजवळच्या गाडीवर मी तिला न्यायची. माझा पगार नवा नवा, ती अकरावीत. लाल बोर्ड, मोठ्या आचेवरची ती काळी कढई, आणि दहा दुकानांपलीकडून येणारा लसणाचा वास. ती हळूच म्हणायची, "ताई, हाफ घेऊया." मी म्हणायची, "फुल सांग." तिचं तोंड असं फुलायचं की काय सांगू. मंचुरियन म्हणजे चीनचा राजेशाही पदार्थ असणार, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. परवा वैजूनंच सांगितलं की ते मुंबईचं. १९७५ मध्ये नेल्सन वँग यांनी तिथल्या क्रिकेट क्लबात पहिल्यांदा केलं म्हणतात. म्हणजे इतकी वर्षं आम्ही मुंबईचंच खात होतो.

असो. गाडीवरून परत येताना तीही विचारायची, "किती झाले?"

आणि मी सांगायची. सुट्ट्या पैशांसकट. तिला पैशाची किंमत कळावी म्हणून, असं मी तेव्हा म्हणायची.

परवाचं जेवण मात्र, खरं सांगायचं तर, चांगलं होतं. माझ्यासाठी तिनं रामेन सांगितलं. भलंमोठं वाडगं, त्यात गव्हाच्या शेवया, अर्धं कापलेलं अंडं, मध्यभागी बलक अजून ओला. खालचा रस्सा हाडं तासन्‌तास उकळून काढतात म्हणे. पहिला चमचा घेतला आणि मला मटण शिजतानाचं आपलं अळणी पाणी आठवलं, पांढरा-तांबडा व्हायच्या आधीचं. आपल्याकडे ती सुरुवात, यांच्याकडे तेच जेवण. वाडग्यातला रस्सा संपला तेव्हा मी सवयीनं वेटरकडे बघितलं, आता वाढायला येईल म्हणून. वैजूनं टेबलाखालून पाय दाबला. जपानात काही ठिकाणी शेवया पुन्हा मागता येतात, रस्सा नाही. कोल्हापुरात एखाद्यानं असं हॉटेल काढून बघावं, दुसऱ्या दिवशी दारात मोर्चा येईल.

शेवया भुरके मारून खायच्या, तिथं ते वाईट समजत नाहीत, असं वैजू म्हणाली आणि तिनं एक मस्त भुरका मारला. याच भुरक्यांपायी अण्णांचे किती धपाटे खाल्लेत तिनं. मला काही जमला नाही.

काड्यांवर मात्र हात बरा बसला. फक्त मधेच पाण्याचा ग्लास घ्यायला म्हणून मी त्या भातात उभ्या रोवल्या, तर वैजूनं पटकन काढून आडव्या ठेवल्या. "अशा नाही रोवायच्या. जपानात गेलेल्या माणसासाठी ठेवलेल्या भातात रोवतात." नंतर थोडा वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही. पंचगंगेच्या घाटावर त्या दिवशी कावळा किती वेळ शिवला नव्हता, ते दोघींनाही माहीत आहे.

वाड्याच्या कागदांचं बोलायचं होतं. ते राहिलं. म्हणजे मी काढलं नाही, आणि तिनंही काढलं नाही.

मग आला तो टोफू. सोयाबीनचा पनीर म्हणायचं. शिरोळ-हातकणंगल्यात सोयाबीन पोत्यानं विकतात आणि इथं त्याच्या चार फोडी लाल तेलात तरंगतायत. मापो टोफू म्हणतात त्याला. चीनमधल्या चेंगडूच्या एका बाईच्या नावावर आहे हा पदार्थ. तिच्या तोंडावर वण होते म्हणून तेच नाव पडलं. हातचं एवढं खाल्लं लोकांनी आणि लक्षात ठेवले ते वण. पहिला घास घेतला आणि जीभ झिणझिणली. तिखटानं नव्हे. तिखटाचं आपल्याला कौतुक नाही. ओठांना मुंग्या आल्या. वैजू खुशीत, "बघ, ही खरी शेजवान मिरी. गाडीवरच्या शेजवानमध्ये ही नसतेच."

मी म्हटलं, "अगं, हे तिरफळ आहे."

"नाही गं ताई, हे चीनहून येतं."

"तिरफळच आहे. आजी बांगड्याच्या कालवणात घालायची. वैभववाडीहून पिशवी यायची, मी बसून बिया काढायची. बी टाकायची, साल ठेवायची."

तिनं फोनमध्ये शोधलं. दोन्ही एकाच कुळातली निघाली, लिंबाच्या गोतावळ्यातली. त्या मिरीचीही बी टाकून सालच वापरतात. वैजू माझ्याकडे अशी बघत राहिली की तेवढ्यापुरती मी पुन्हा मोठी झाले. तिला आजीचं कालवण आठवत नाही. ती फार लहान होती. मला एकदम वाईट वाटलं आणि त्याच वेळी बरंही वाटलं. कुठलं जास्त, ते लिहीत नाही.

हे सगळं असं छान चाललेलं. आणि मग ते बिल. तेही कागदाचं नाही, तिच्याच फोनवर आलं. मी पर्स उघडेपर्यंत टुंग वाजलंसुद्धा. किती झाले? सोड गं. तिच्या आवाजात राग नव्हता, तोरा तर अजिबात नव्हता. मामांना रस्ता ओलांडताना आपण हात धरतो आणि ते "मी येतो की" म्हणतात, तेव्हा आपण ज्या आवाजात "असू दे हो मामा" म्हणतो, तो आवाज होता. मी अजून पन्नाशीचीसुद्धा नाही. माझा हात कशाला धरायचा?

संस्थेतून येताना तर आणखी एक घाणेरडा विचार येऊन गेला. वाड्याच्या कागदांवर सही करून दिली म्हणून तर नसेल हे जेवण? म्हणून तर आकडा सांगितला नसेल? शी. काय लिहितेय मी. वैजू तसली नाही. अण्णांच्या दवाखान्याच्या वेळी तिनं काय केलं ते मला माहीत आहे. तिला आकडा लपवायचा नव्हता, मला लाजवायचंही नव्हतं. तिला फक्त म्हणायचं होतं, फुल सांग. पण मग सांगावा की आकडा! मी नव्हते सांगत?

भांडी घासून झाल्यावर मी त्या हॉटेलचं कार्ड फोनवर शोधून काढलं. इथं घरी बरं उघडलं. रामेन सापडलं, टोफू सापडला, टोपलीत वाफवून आलेलं तेही सापडलं. किमती बघून आधी पाणी प्यायले. मग संस्थेच्या पाठकोऱ्या कागदावर उभी बेरीज मांडली. ते लिंबू-आल्याचं सरबत कुठलं होतं ते आठवेना, एकाच्या जागी सहा प्रकार. तिथं बेरीज अडली. वर जीएसटी पाच टक्के. आणि सर्व्हिस चार्ज? तो तर बळजबरीनं लावताच येत नाही. २०२२ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसं काढलंय आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तेच उचलून धरलं. हे त्या पोरीला कोण सांगणार? टुंग केलं की झालं!

साडेअकरा वाजलेले, तरी मेसेज टाकला. "वैजू, त्यांनी सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो देणं सक्तीचं नाही. पुढच्या वेळी काढायला लाव."

लगेच उत्तर आलं. "परवाच काढायला लावलावता ताई. तू पर्स धुंडाळत होतीस तेव्हा. झोप आता."

आकडा काही सांगितला नाहीच.