बारा वाजले, दोन्ही अर्थांनी 😅
आजचा अख्खा रविवार ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडरच्या ऑनलाइन टूर्नामेंटमध्ये गेला. बोर्ड गेम 1985 चा, दुसऱ्या महायुद्धावरचा, आता आम्ही तो व्हॅसलवर (बोर्ड गेम ऑनलाइन खेळायचं सॉफ्टवेअर) खेळतो आणि तिथे फासे टाकले की आकडा थेट चॅटमध्येच उमटतो, म्हणजे रडीचा डाव खेळायची सोयच नाही. समोरचा गडी पोलंडचा, रशियन घेऊन बसलेला. माझी जर्मन हेवी मशीनगन रस्ता अडवून, आणि पहिल्याच फायरला दोन्ही फाशांवर सहा! बारा म्हणजे गन जाम. याने लगेच "सॉरी" टाइप केलं, खाली हसणारी स्मायली, सॉरी कसलं डोंबलाचं. दुरुस्तीला एकच फासा, एक आला तर गन चालू, सहा आला तर कायमची बाद. काय आला असेल सांगा बघू. हो, सहाच.

मग त्याचे लोक रस्ता ओलांडून निवांत घरात शिरले, आणि हा चॅटवर मला विचारतोय पुण्यात पाऊस आहे का 🤦

रात्री त्याचा बॅटल रिपोर्ट आला, त्यात सगळी त्याची "डावी बगल", नियोजन, संयम वगैरे, गनबद्दल फक्त अर्धी ओळ! माझा रिपोर्ट उद्या टाकतो, चॅटलॉग जोडूनच.