चाफ्याखालचा दगड

मार्च २०२२. कांदिवलीत पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेला आम्ही सात-आठ जण एका नकाशाभोवती उभे होतो, आणि नकाशा मी काढलेला होता. मी तेव्हा एका सल्लागार कंपनीत होतो. काम तसं किरकोळ. महामार्गाखालची जुनी मोरी रुंद करायची, लांबी ४२ मीटर. महामार्ग तेव्हा एमएमआरडीएकडे, म्हणजे राज्य सरकारच्या महानगर विकास प्राधिकरणाकडे. म्हणून हद्दीतला खर्च त्यांचा, हद्दीबाहेरचा पालिकेचा. पण मोरी काही अर्धी-अर्धी बांधता येत नाही. काम एकानेच करायचं आणि दुसऱ्याने आपला वाटा आधी ठेव म्हणून भरायचा, असं ठरलं होतं. माझ्या नकाशावरच्या लाल रेघेने वाटणी केली होती: ३० मीटर महामार्गाचे, १२ पालिकेचे.

संयुक्त पाहणी म्हणजे खरं तर सह्यांचा कार्यक्रम. टेप धरायची, फोटो काढायचे, कटिंग प्यायची. कटिंग येऊनही गेली होती. तेवढ्यात मागे उभे असलेले मुकादम काका म्हणाले, "साहेब, हद्द हितं नाय. दगड तिकडं हाय, चाफ्याखाली. मीच पेव्हर बसवलेत त्याच्यावर."

काका पालिकेच्या वॉर्ड ऑफिसचे. चाफा महामार्गाच्या बाजूला. म्हणजे हद्द आत सरकली, तर खर्च काकांच्याच ऑफिसचा वाढणार! वॉर्डाच्या मॅडमनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की काकांनी टोपी सारखी केली.

पण बोललेला शब्द कुठे परत घेणार? पहारीने दोन ब्लॉक उचकटले. वाळूखाली चौकोनी माथा दिसला. काकांनी पाण्याच्या बाटलीतलं उरलेलं पाणी ओतून तो अंगठ्याने घासला. अक्षरं पार झिजलेली, पण वर छिन्नीने मारलेली बाणाची खूण स्पष्ट होती. टेप लावली. माझ्या रेघेपासून साडेतीन मीटर आत.

चूक माझीच. मी जागेवरचं लोखंडी कुंपण हद्द म्हणून धरलं होतं. मोजणीचा जुना नकाशा माझ्या बॅगेत होता, तो उघडायचा कंटाळा केला. आता वाटणी २६.५ आणि १५.५. पालिकेचा हिस्सा २९ टक्क्यांवरून ३७ वर. आठ टक्के ऐकायला काही वाटत नाहीत, पण तरतूद १२ मीटरची होती. म्हणजे सुधारित अंदाजपत्रक आणि नवी मंजुरी.

"जकात असती तर एवढं हिशेबाला बसलो नसतो," लेखा विभागातले गृहस्थ पुटपुटले. जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा पालिकेचा स्वतःचा कर. १ जुलै २०१७ ला ती गेली. तेव्हापासून राज्य सरकार पालिकेला दरमहा भरपाई देतं. सरकारच्या तिजोरीतून पालिकेकडे आणि पालिकेकडून ठेव म्हणून पुन्हा सरकारी यंत्रणेकडे, हा फेरा माझ्या डोक्यात तेव्हाच फिरायला लागला. बोललो मात्र नाही. त्या दिवशी बोलायचं तोंड नव्हतं मला.

मॅडमनी दगडाचा फोटो घेतला, अहवालात '१२' खोडून स्वतःच्या हाताने '१५.५' लिहिलं आणि पहिली सही केली. मग काकांना म्हणाल्या, "झाका तो."

त्याच वर्षी नोव्हेंबरात पूर्व आणि पश्चिम, दोन्ही द्रुतगती महामार्ग देखभालीसाठी पालिकेकडे आले. रेघेच्या दोन्ही बाजू एकाच ऑफिसच्या झाल्या. आमचा करार त्याआधीच संपला होता.

अजून तिथून जाताना नजर चाफ्याकडे जाते. काकांनी घाईत परत बसवलेला एक ब्लॉक अजून बोटभर वर आहे.