भांडण डब्यावरून

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून काम करताना ‘किरकोळ कारणावरून वाद’ हे शब्द फायलींत सतत वाचायला मिळतात. त्या दिवशीचं जोडपं परस्पर संमतीने घटस्फोट मागत होतं. दोघं दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे राहत होते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब मधली, अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत माफ करावी, असाही अर्ज होता. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानंतर ती माफ होऊ शकते, पण समेटाचे प्रयत्न खरोखर संपलेत का, हे आधी पाहावं लागतं. म्हणून ते माझ्यासमोर बसले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

“भांडण कशावरून व्हायचं?”

“डबा,” ती लगेच म्हणाली. “हा ऑफिसातून आला की डबा बॅगेतच. सकाळी साडेपाचला पोळ्या करायला उठावं, तर कालची आंबलेली उसळ हातात!”

तोही तडकला. “दारात पाय ठेवला की पाणीसुद्धा विचारायची नाही. आधी ‘डबा काढलास का?’”

डबा कोणी काढायचा याचा तोडगा काढण्यात मी वेळ घालवत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात जोडप्यांमधले सुमारे 69 टक्के वाद कधीच न मिटणारे निघाले होते, आणि माझाही अनुभव फार वेगळा नाही. मला खटकली ती उसळ. रोज एवढी का उरत होती?

विचारलं, तर ती गप्प झाली. मग म्हणाली, “शेवटी शेवटी जवळजवळ सगळंच उरायचं. मला वाटलं, माझ्या हातचं नकोसं झालंय. कदाचित मीच. ते कसं विचारणार?”

फायलीच्या नाडीशी चाळा करत तो बोलला. तेव्हा प्रोजेक्ट संपलं होतं, कित्येक महिने तो बेंचवर, म्हणजे नोकरीत असूनही कामाविना होता. “घास उतरायचा नाही. घराचे हप्ते चालू होते. डबा बाहेर काढला असता तर ही विचारणार, का जेवला नाहीस?”

“अरे, मग सांगायचंस ना! माझा पगार होता की!” ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेरचा शिपाई डोकावला. मी त्याला हातानेच थांबवलं. एवढ्या वर्षांत ही दोघं पहिल्यांदाच मुद्द्याचं भांडत होती. डब्यावरून बिनधास्त ओरडता येतं. ‘नोकरी जाईल’ किंवा ‘मी नकोशी झाले का’ हे तोंडातून निघत नाही, म्हणून सगळा राग डब्यावर निघतो.

प्रत्येक प्रकरण असं उलगडत नाही. मारहाण असेल तिथे तर मी ‘किरकोळ’ हा शब्द चालवूनच घेत नाही.

या दोघांनी घटस्फोटाचा अर्ज मागे घेतला नाही. मुदतमाफीचा आग्रह मात्र सोडला आणि पुढच्या तारखेला गृहकर्जाचे कागद घेऊन यायचं कबूल केलं.